परसांतील कोंबडी आणि पिठांतील अळी

कोंबडी उकिरडा उकरून किडे टिपते, हें सर्वांच्या नित्य पाहण्यांतलें आहे. असें असतां ब्रिटनमध्यें परसांतल्या कोंबडीपुढें पिठांतील वाळक्या अळ्या टाकणें कायद्यानें निषिद्ध कां ठरलें? त्याचें कारण गाईंच्या एका रोगांत सांपडतें.

१९८६ सालीं तेथें गाईंच्या मेंदूची चाळणी करणारा नवा रोग ओळखण्यांत आला. मेलेल्या जनावरांच्या मांसाहाडांची भुकटी गुरांच्या खाद्यांत मिसळल्यानें तो फैलावला होता. १९९६ मध्यें मनुष्यांतील एका प्राणघातक व्याधीशीं त्याचा संबंध उघड झाला, आणि २००१ मध्यें युरोपीय संघानें, थोडे अपवाद वगळतां, अन्नासाठीं पाळलेल्या पशुपक्ष्यांस प्राणिज प्रथिनें चारण्यास बंदी केली. अळीहि प्राणीच, सबब तीहि या बंदींत आली. हौसेनें पाळलेल्या दोनचार कोंबड्यांसहि सवलत मिळाली नाहीं.

पुढें २०२१ मध्यें संघानें ठराविक खाद्यावर वाढविलेल्या किड्यांचीं प्रथिनें कोंबड्यांस देण्याची मुभा दिली. ब्रिटन २०२० मध्येंच संघाबाहेर पडला होता. तेथें जुना निर्बंध कायम राहिला.

अळी स्वतः विषारी नव्हे. ती कशावर पोसली, हें पाहणें अगत्याचें. पशूच्या मुखीं घातलेलें अन्न अखेर माणसाच्याच ताटांत येतें, हा धडा ब्रिटननें फार मोठी किंमत देऊन घेतला.