दोन विमानांमधला तास

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावर लंडनहून आलेले टपाल एका छोट्या ‘पस मॉथ’ विमानात चढविले गेले. वजन सुमारे २५ किलो. विमानाला इंजिन एकच, रेडिओ नाही. चालक होते २८ वर्षांचे जे. आर. डी. टाटा. अहमदाबादला इंधन घेऊन ते त्याच दिवशी मुंबईत जुहूच्या मैदानावर उतरले आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले.

भारतीय नागरी विमानवाहतुकीचा जन्मदिवस म्हणून ही तारीख सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. पण या प्रसंगाला आणखी एक बाजू आहे. टाटांचे विमान स्वतंत्र नव्हते. ते कराचीहून केव्हा निघणार, हे लंडनहून येणाऱ्या ‘इम्पीरियल एअरवेज’च्या विमानावर अवलंबून असे. एक विमान येणार, त्यातील ऐवज उतरणार, दुसऱ्यात चढणार, आणि या दोहोंमधला वेळ जितका कमी तितकी सेवा चांगली. आज ज्याला आपण ‘कनेक्टिंग फ्लाइट’ म्हणतो, तिचा मुंबईशी जडलेला पहिला संबंध हा असा होता. फरक इतकाच की विमान बदलणारा प्रवासी माणूस नव्हता, पत्र होते. पत्राला पासपोर्ट लागत नाही, त्याला वाट चुकण्याची भीती नसते आणि ते आपल्या सामानापासून दुरावत नाही, कारण तेच स्वतः सामान असते. पुढच्या नव्वद वर्षांत या तीनही गोष्टी माणसाच्या वाट्याला आल्या.

माणसांचे काय चालले होते? ‘इम्पीरियल’ची लंडन–कराची सेवा ३० मार्च १९२९ रोजी सुरू झाली. प्रवासास सुमारे सात दिवस लागत. क्रॉयडनहून विमानाने बाझल, तेथून आगगाडीने आल्प्स ओलांडून जिनोआ, जिनोआहून समुद्रावर उतरणाऱ्या विमानाने भूमध्य सागर पार करून अलेक्झांड्रिया, आणि मग इजिप्तहून गाझा, बगदाद, बसरा करीत इराणच्या किनाऱ्याने कराची. विमानप्रवासाच्या मधोमध एक आगगाडी आहे, हे आज वाचताना गंमत वाटते. परंतु या प्रवासात वाहन चुकण्याची धास्ती फारशी नव्हती. प्रवासी मूठभर, सारी व्यवस्था एकाच कंपनीची. पुढचे वाहन मागच्याची वाट पाहणार, हे गृहीतच असे.

अडचण होती ती राजकीय परवानगीची. इराणने आपल्या किनाऱ्यावरून उडू देण्याची मुदत वाढविली नाही, तेव्हा १९३२ मध्ये हा मार्ग आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर सरकला आणि शारजाच्या वाळूत प्रवाशांसाठी किल्ल्यासारखे विश्रामगृह उभे राहिले. दुबईपासून हे ठिकाण हाकेच्या अंतरावर आहे. युरोप आणि हिंदुस्थान यांच्यामधला थांबा म्हणून आखाताचे नाव नकाशावर उमटले ते तेव्हा. तेलाच्या पैशाच्या कितीतरी आधी.

दुसरे महायुद्ध संपत आले असताना, ७ डिसेंबर १९४४ रोजी, शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीचा करार झाला. स्वाक्षरी करणाऱ्या ५२ राष्ट्रांत भारतही होता. प्रत्येक देशाचे आकाश त्याच्याच मालकीचे, हे तत्त्व तेथे पक्के झाले. त्यातून लगेच एक प्रश्न उभा राहिला: जो प्रवासी देशात शिरण्यासाठी नव्हे, केवळ पुढे जाण्यासाठी उतरला आहे, तो कायद्याच्या दृष्टीने कोठे आहे?

याचे सर्वांत व्यवहारी उत्तर आयर्लंडने शोधले. पंख्याच्या इंजिनांची त्या काळची विमाने अटलांटिक ओलांडताना आयर्लंडच्या पश्चिम टोकाला शॅनन येथे इंधनासाठी थांबत. तास-दोन तास प्रवासी खाली उतरत, चहा घेत, पाय मोकळे करीत. १९४७ मध्ये आयर्लंडने कायदा करून शॅनन विमानतळ जकातमुक्त ठरविला. युक्तिवाद साधा होता: हा प्रवासी देशात आलेलाच नाही, मग त्याच्या खरेदीवर देशाचा कर कसा? तेथील खानपान व्यवस्था सांभाळणारे ब्रेंडन ओ’रेगन यांनी या कल्पनेतून जगातील पहिले विमानतळावरील ‘ड्यूटी फ्री’ दुकान उभे केले. पाय जमिनीवर आहेत पण मनुष्य त्या देशात नाही, अशी एक नवी जागा निर्माण झाली. आज प्रत्येक मोठ्या विमानतळाचा ट्रान्झिट विभाग या कल्पनेवर उभा आहे.

तरीही शॅननच्या प्रवाशाला विमान बदलावे लागत नव्हते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघाले तेही कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत गेले. विमानच थांबत थांबत जाई आणि प्रवासी पुन्हा त्याच आसनावर येऊन बसे. जेट विमाने आल्यावर हे थांबे एकेक करून गळाले. शॅननवरून विमाने न थांबता जाऊ लागली. प्रवास आता सरळच होणार, असे वाटावे अशी ती स्थिती होती.

घडले उलटेच. विमाने मोठी झाली आणि ती भरण्यासाठी अनेक गावांचे प्रवासी एका ठिकाणी गोळा करणे कंपन्यांना फायद्याचे ठरू लागले. अमेरिकेत ‘डेल्टा’ने १९५५ च्या सुमारास अटलांटा येथे हा प्रयोग केला, आणि १९७८ मध्ये तेथील विमानवाहतूक सरकारी नियंत्रणातून मुक्त झाल्यावर तो सर्वत्र पसरला. विमाने लाटेसारखी एकदम येतात, प्रवासी इकडून तिकडे धावतात, विमाने लाटेसारखी एकदम निघतात. थांबा परत आला, पण आता त्याच आसनावर बसायचे नव्हते.

युरोपात ॲमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळाने १९६७ मध्ये सर्व प्रवासी एकाच छताखाली आणले. तेथील ठळक, एकसारख्या दिशादर्शक पाट्या बेनो विसिंग यांनी आखल्या आणि जगभरच्या विमानतळांनी तो धडा गिरविला. धावत्या माणसाला वाचता येईल अशी अक्षरे लिहिणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. तिच्या इतिहासावर मराठीत कोणी लिहिले तर वाचनीय होईल.

याच काळात एक संज्ञा रूढ झाली: किमान जोडवेळ. प्रत्येक विमानतळ, आंतरराष्ट्रीय विमानातून आंतरराष्ट्रीय विमानात जाण्यास निदान किती मिनिटे लागतात, हे जाहीर करतो. त्याहून कमी वेळाची दोन उड्डाणे सहसा एका तिकिटावर विकली जात नाहीत. व्हिएन्नासारखा आटोपशीर विमानतळ २५ मिनिटांचा दावा करीत आला आहे. जेथे इमारती दूर दूर आहेत तेथे हाच आकडा तासावर जातो. प्रवाशाला वाटते की हा हिशोब आपल्या पायांचा आहे. खरे तर त्यात त्याच्या बॅगेचा वेळही असतो. माणूस धावू शकतो. बॅग मात्र उतरवावी, वाचावी, तपासावी आणि पुन्हा चढवावी लागते.

तपासावी लागते, हे मात्र पूर्वी गृहीत नव्हते. ते कसे झाले, हा या इतिहासाचा सर्वांत वेदनादायक भाग आहे.

एका कंपनीच्या तिकिटावर दुसऱ्या कंपनीच्या विमानात जाता यावे आणि बॅग थेट शेवटच्या मुक्कामी मिळावी, ही व्यवस्था युद्धोत्तर काळात विमान कंपन्यांनी आपसांतील करारांनी उभी केली. तिचा पाया विश्वासाचा होता. पहिल्या काउंटरवर बॅगेला चिठ्ठी लागली की पुढे तिच्या मालकाची चौकशी कोणी करीत नसे.

२२ जून १९८५ रोजी कॅनडात व्हँकूव्हरच्या विमानतळावर ‘एम. सिंग’ या नावाने एक प्रवासी ‘सीपी एअर’च्या काउंटरवर आला. त्याचे टोरांटोपर्यंतचे आसन निश्चित होते. तेथून पुढे एअर इंडियाच्या विमानाने दिल्लीला जाण्यासाठी त्याचे नाव केवळ प्रतीक्षायादीत होते. नियमानुसार त्याची बॅग टोरांटोपर्यंतच स्वीकारता येत होती. बॅग थेट दिल्लीपर्यंत पाठवावी, असा त्याने हट्ट धरला. वाद वाढला, मागे रांग लांबत होती. अखेर काउंटरवरील कर्मचारी महिलेने ते मान्य केले. बॅग टोरांटोच्या विमानात चढली. तो मनुष्य चढलाच नाही.

टोरांटो येथे ती बॅग एअर इंडियाच्या विमानाकडे गेली. क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडले आणि उरलेल्या बॅगांवर हातात धरायचे एक उपकरण फिरविण्यात आले. बॅग आहे, पण तिचा माणूस विमानात आहे काय, हे कोणी जुळवून पाहिले नाही. ‘कनिष्क’ हे ते बोइंग ७४७ माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली आणि मुंबईकडे येणार होते. २३ जूनच्या सकाळी, आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ ३१,००० फुटांवर असताना, ते शॅननच्या नियंत्रण कक्षाच्या रडारवरून नाहीसे झाले. विमानातील ३२९ माणसांपैकी कोणीही वाचले नाही. बहुतेक भारतीय वंशाचे कॅनेडियन नागरिक होते. शाळेच्या उन्हाळी सुटीत आजोळी निघालेली मुले त्यांत मोठ्या संख्येने होती.

त्याच्या ५५ मिनिटे आधी जपानच्या नारिता विमानतळावर आणखी एक बॅग फुटली होती. तीही व्हँकूव्हरहून ‘सीपी एअर’च्या विमानाने आली होती आणि तिला एअर इंडियाच्या बँकॉककडे जाणाऱ्या विमानात चढायचे होते. एका विमानातून दुसऱ्याकडे सामान नेणारे दोन जपानी कामगार त्यात ठार झाले. दोन्ही बॉम्बचा मार्ग एकच होता: पहिले विमान नव्हे, दुसरे, आणि दोहोंमधला तो विश्वासाचा तास.

या घटनेनंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले. विमानात न चढलेल्या प्रवाशाची बॅग विशेष तपासणीविना नेऊ नये, हे तत्त्व मान्य झाले. परंतु तत्त्व मान्य होणे आणि प्रत्येक विमानतळावर ते पाळले जाणे यांत अंतर असते. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर ‘पॅन ॲम’चे विमान कोसळले आणि जमिनीवरील ११ जणांसह २७० माणसे मृत्युमुखी पडली. न्यायालयाच्या निष्कर्षानुसार ती बॅग माल्टाहून फ्रँकफर्टला, फ्रँकफर्टहून हीथ्रोला, अशी दोनदा विमान बदलून, बेवारस आली होती. कनिष्कला तीन वर्षे उलटून गेली होती. कॅनडाच्या चौकशी आयोगाने आपला सविस्तर अहवाल २०१० मध्ये दिला. तोवर २५ वर्षे झाली होती, आणि ही शोकांतिका आपली स्वतःची आहे हे मानण्यास कॅनडाने विलंब लावला, असे मृतांचे नातेवाईक सातत्याने म्हणत आले. ते चुकीचे नव्हते.

त्याच १९८५ सालच्या २५ ऑक्टोबरला दुबईच्या ‘एमिरेट्स’ने पहिली उड्डाणे केली; ती होती कराची आणि मुंबईला. टाटांच्या टपालाचीच ही दोन टोके. दुबईच्या विमानतळावरील ‘ड्यूटी फ्री’ १९८३ मध्ये उभे करताना सल्ल्यासाठी आयर्लंडची माणसे बोलाविली होती, म्हणजे शॅननची परंपरा शारजाच्या शेजारी येऊन पोहोचली. दोन परक्या देशांतील प्रवाशांना आपल्या घरच्या विमानतळावर एका विमानातून दुसऱ्यात बसविणे, हा पुढे आखाती कंपन्यांच्या व्यवसायाचा कणा झाला. पुणे-मुंबईच्या घरांतून परदेशी निघालेल्या कितीतरी मुलामुलींनी पहिली परकी भूमी पाहिली ती मध्यरात्रीच्या अशा एखाद्या ट्रान्झिट दालनातच.

मात्र ‘देशात न आलेला प्रवासी’ ही शॅननची उदार कल्पना सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही. अमेरिकेने ऑगस्ट २००३ मध्ये व्हिसाशिवाय विमान बदलण्याची सवलत बंद केली. ब्रिटनमध्ये काही अपवाद वगळता भारतीय पासपोर्टधारकाला विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही, केवळ विमान बदलण्यासाठी, व्हिसा काढावा लागतो. कायदा एकीकडे म्हणतो, तू येथे नाहीस; दुसरीकडे नसण्याची परवानगी मागतो. मेहरान करीमी नासेरी हा इराणी मनुष्य कागदपत्रांच्या अशाच गुंत्यात १९८८ ते २००६ पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर राहिला. नंतर कागद मिळत असतानाही तो गेला नाही, आणि २०२२ मध्ये त्याच विमानतळावर त्याचा मृत्यू झाला.

आजही एखाद्या मोठ्या विमानतळावर प्रवासी मंडळी स्थानापन्न झालेली असतात, दार लागण्याची वेळ होऊन गेलेली असते, आणि घोषणा होते की दोन प्रवासी मागच्या विमानातून पोहोचू शकले नाहीत, त्यांचे सामान उतरविले जात आहे. कोणी घड्याळ पाहतो, कोणी वैतागतो. खाली विमानाच्या पोटात कामगार चिठ्ठ्या वाचीत त्या दोन बॅगा शोधीत असतात, आणि त्या सापडून खाली उतरेपर्यंत विमान निघत नाही.