चिठ्ठी बरोबर होती

मागच्या महिन्यात आईला घेऊन नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात गेलो होतो. डॉक्टरांनी कीबोर्डवर चार बटणं दाबली आणि आम्ही खाली औषधांच्या खिडकीपाशी पोहोचेपर्यंत तिथल्या स्क्रीनवर आईचं नाव, गोळ्या, डोस सगळं हजर! डॉक्टरांचं अक्षर लावत बसायचे दिवस गेले. “सिस्टीम नवीन केलीये,” खिडकीतला मुलगा जरा ऐटीत म्हणाला.

मला मात्र खाडीपलीकडचं जे. जे. रुग्णालय आठवलं. साल १९८६. (वाशीला तेव्हा लोकलही येत नव्हती, ती आली १९९२ मध्ये.)

त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. मध्ये मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी काही रुग्णांना ग्लिसरॉल पाजलं जात होतं. घट्ट, गोडसर, रंगहीन द्रव. उपचार नेहमीचाच. पण रुग्णांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. १४ जण दगावले. बाटलीत ग्लिसरॉलबरोबर डायइथिलिन ग्लायकॉल निघालं. हे कारखान्यात वापरायचं रसायन. तेही गोड, तेही रंगहीन. बघून किंवा चाखून फरक कळणं अशक्य.

या गोष्टीतला मला सगळ्यात बोचणारा भाग असा की चिठ्ठी बरोबर होती. औषधाचं नाव बरोबर, वॉर्डात दिलं गेलं तेही चिठ्ठीप्रमाणे. चूक झाली ती बाटली वॉर्डात यायच्या आधी, खरेदीत आणि तपासणीत. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने हाच माग काढला आणि तो रुग्णालयाच्या भांडारापासून अन्न व औषध प्रशासनातून थेट मंत्रालयापर्यंत गेला. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावं लागलं. आणि हे विष काही नवं नव्हतं. अमेरिकेत १९३७ मध्ये याच रसायनातून बनवलेल्या औषधाने शंभराहून जास्त माणसं मेली होती आणि पुढच्याच वर्षी तिथे नवा औषध कायदा आला होता.

मग आजची सिस्टीम १९८६ मध्ये असती तर? डोस तपासला असता, अ‍ॅलर्जी तपासली असती आणि ग्लिसरॉलला बिनदिक्कत हिरवी खूण दिली असती. उपयोग झाला असता तो एकाच गोष्टीचा, बॅच नंबरचा. कोणत्या बॅचची बाटली कोणत्या रुग्णाला गेली हे नोंदलेलं असतं, तर दुसऱ्या-तिसऱ्या रुग्णालाच धागा सापडला असता आणि बाकीच्या बाटल्या त्याच दुपारी उचलता आल्या असत्या. चिठ्ठीचं सॉफ्टवेअर आणि भांडाराचं सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलत नसेल, तर ‘अपग्रेड’ म्हणजे नुसतं सुंदर अक्षर.

तेही टिकेल याची खात्री नाही म्हणा. जुलै २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांमधली संगणक प्रणाली बंद झाली आणि डॉक्टर पुन्हा कागद-पेनावर आले.

१ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. आईच्या दोन पाकिटांपैकी एकावर होता. फोन धरला; औषधाचं नाव, कंपनी, बॅच, मुदत, सगळं आलं.

खिडकीपाशी परत गेलो. “हा बॅच नंबर आईच्या नावावर नोंदला जातो का?”

“बिलावर असतो ना, सर.”

“आणि तिच्या केसपेपरवर?”

त्याने स्क्रीन खाली-वर केली. “नाही. तिथे गोळीचं नाव येतं फक्त.”

मागे रांग वाढत होती. बिल घडी घालून आईच्या फाइलमध्ये ठेवलं.