चाल कोणाची?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या शक्ती-तुऱ्याच्या शाहिरांची जुनी बाडे चाळताना एक गोष्ट सारखी नजरेत भरते. गीताच्या शेवटच्या कडव्यात कवीचे व त्याच्या गुरूचे नाव गुंफलेले असते. माथ्यावर मात्र ‘चाल’ असे लिहून दुसऱ्याच गाण्याचा मुखडा दिलेला असतो. ती चाल कोणी बांधली, याची नोंद नाही. हा खेड्यातल्या माणसांचा गाफीलपणा म्हणावा, तर किर्लोस्करांच्या काळापासून छापील संगीत नाटकांतही पदांवर अशाच चाली दिलेल्या आढळतात. शब्द कवीचे आणि चाल सर्वांची, अशी आपली जुनी समजूत.

1957च्या कॉपीराइट कायद्यानेही वेगळ्या वाटेने तेच केले. त्याच्या व्याख्येत संगीतकृती म्हणजे लिहिलेली, छापलेली किंवा स्वरलिपीत उतरवलेली रचना. बाडातल्या शब्दांना संरक्षण मिळाले, पण गळ्यातून गळ्यात गेलेली चाल कायद्याच्या लेखी संगीतच ठरेना. तिची तबकडी निघाली, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क तबकडी काढणाऱ्याचा. कागदाची ही अट 1994च्या दुरुस्तीने गेली. त्याच दुरुस्तीने गायक-वादकांनाही कलावंत म्हणून हक्क दिले.

गाण्याचे उत्पन्न दोन वाटांनी येते. ते लोकांसमोर गायले, हॉटेलात वाजले, रेडिओवर लागले, तर सादरीकरणाचे स्वामित्वधन. त्याच्या तबकड्या, कॅसेटी निघाल्या, तर प्रतींचे. यंत्राने प्रती निघतात म्हणून त्याला यांत्रिक हक्क म्हणतात. गायकाची बिदागी या दोन्हींहून निराळी. दारोदार फिरून हे पैसे गोळा करणे एकट्या कवीच्या आवाक्यातले नाही. म्हणून 1969मध्ये मुंबईत इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, स्थापन झाली. तिने दर जाहीर करताच चित्रपटगृहांचे मालक व निर्माते विरोधात उभे राहिले. 1977मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौल दिला, की मोबदला देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच. न्या. कृष्ण अय्यर यांनी जोडलेल्या स्वतंत्र टिपणात गाणाऱ्याच्या गळ्याची कायद्याने उपेक्षा केल्याची खंत आहे.

पुढची पस्तीस वर्षे एकरकमी मोबदल्यावर पडदा पडत राहिला. 2012च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराला स्वामित्वधनात हक्क घेणाऱ्या कंपनीइतकाच वाटा दिला. हा वाटा करारात सही करूनही सोडता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा अशा सोसायटीकडे सोपवता येतो.

कोकणात याचा अर्थ काय? गौरी-गणपतीत अंगणात, तिकीट न लावता हौसेने नाचलेल्या जाखडीला काही द्यावे लागत नाही. धर्मविधी, लग्नाची वरात यांनाही कायद्यात सूट आहे. पण तिकीट लावून होणारे सामने, कॅसेटी आणि आता मोबाइलवर फिरणारी चित्रफीत यांतून पैसा निघतो. मला भेटलेल्या शाहिरांपैकी बहुतेकांनी कॅसेटसाठी एकदाच बिदागी घेतली. सही कसल्या कागदावर केली, हे त्यांना सांगता येत नाही.

आज सोसायटीकडे जायचे तर सभासद व्हावे लागते आणि प्रत्येक गीताचे शीर्षक, कवी, संगीतकार व त्यांचे वाटे नोंदवावे लागतात. चाल चित्रपटगीताची असेल, तर संगीताचा वाटा मूळ संगीतकाराचा, आणि वापरायलाही परवानगी हवी. चाल शाहिराची स्वतःची असेल, तर शब्द आणि संगीत दोन्हींवर त्याचा हक्क. तो हयातभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षे, म्हणजे नातवंडांपर्यंत पोहोचतो.

कायद्याने गळ्याला मान दिला, पण वसुलीला अजून कागदच लागतो. शेवटच्या कडव्यातली नाममुद्रा हा कवीचा पुरावा म्हणून मोलाचा आहे. चाल बांधणाऱ्यापाशी तेवढाही नाही. जे वृद्ध शाहीर आज आपल्यात आहेत, त्यांच्या बाडांत ‘चाल’ या शब्दापुढे ती बांधणाऱ्याचे नाव आणि साल आताच लिहून घ्यायला हवे. त्यांच्यामागे ते सांगणारे कोणी उरणार नाही.