बँकॉकमधील नगरदर्शन

बँकॉक ही थायलंडची राजधानी असून जगातील सर्वाधिक पर्यटक येणाऱ्या शहरांमध्ये तिची गणना होते. मास्टरकार्ड कंपनीने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निर्देशांकानुसार २०१८ या वर्षी सुमारे २.२८ कोटी परदेशी पाहुण्यांनी या शहरात मुक्काम केला. दक्षिणेकडील समुद्रकिनाऱ्यांकडे किंवा उत्तरेकडील चिआंग माईकडे जाताना अनेक पर्यटक येथे केवळ शनिवार-रविवार थांबतात. शहराचे क्षेत्रफळ सुमारे १,५६९ चौरस किलोमीटर आहे आणि रस्त्यांवरील वाहतूककोंडी प्रसिद्ध आहे. त्यामुळे दोन दिवसांत काय पाहून होईल, हे स्थळांच्या संख्येपेक्षा त्यांच्या क्रमावर अधिक अवलंबून असते. जुने शहर नदीकाठी वसले आहे, तर नवे शहर रस्ते व उन्नत रेल्वे यांच्याभोवती वाढले आहे. नगरदर्शनाचे बहुतेक नियोजन या विभागणीवर आधारलेले असते.

नाव व इतिहास

थाई भाषेत शहराला 'क्रुंग थेप महा नखोन' किंवा नुसते 'क्रुंग थेप', म्हणजे देवांची नगरी, असे म्हणतात. शहराचे संपूर्ण औपचारिक नाव जगातील सर्वांत लांब स्थलनाम मानले जाते. ते मुख्यत्वे पाली व संस्कृत शब्दांनी बनलेले असून 'महा', 'नखोन' (नगर), 'अमोन' (अमर) आणि 'रत्न' हे त्यातील शब्द मराठी वाचकास सहज ओळखता येतात.

१७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथया ही जुनी राजधानी उद्ध्वस्त केली. त्यानंतर राजा ताक्सिन याने चाओ फ्राया नदीच्या पश्चिम तीरावरील थोनबुरी येथून राज्य केले. १७८२ मध्ये पहिला राम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजाने चक्री घराण्याची स्थापना केली आणि राजधानी पूर्व तीरावर हलवली. त्याच वर्षी २१ एप्रिल रोजी नगरस्तंभ उभारण्यात आला. हा दिवस शहराचा स्थापनादिन मानला जातो.

शहराची रचना

नदीचा आजचा प्रवाह हा अंशतः मानवनिर्मित आहे. सोळाव्या शतकात नदीच्या एका मोठ्या वळणाला छेद देणारा कालवा खोदण्यात आला. कालांतराने तोच मुख्य प्रवाह बनला आणि मूळ वळण बँकॉक नोई व बँकॉक याई या कालव्यांच्या रूपाने उरले. नव्या राजधानीसाठी पूर्व तीरावरही खंदकासारखे कालवे खोदल्यामुळे राजवाड्याच्या भोवतालचा भाग बेटासारखा झाला. त्यास रत्नकोसिन बेट म्हणतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथील बहुतेक दळणवळण पाण्यावरून होत असे. १८६० च्या दशकात चारोएन क्रुंग हा पहिला आधुनिक पद्धतीचा रस्ता बांधला गेला. पुढे अनेक कालवे बुजवून त्यांवर रस्ते झाले आणि शहर पूर्वेकडे पसरले. त्यामुळे जुनी मंदिरे व राजवाडे पश्चिमेस, तर व्यापारी केंद्रे, हॉटेले व उद्याने पूर्वेस अशी स्थिती निर्माण झाली.

अंतर्गत वाहतूक

उन्नत रेल्वे ५ डिसेंबर १९९९ रोजी, तर भुयारी मेट्रो २००४ मध्ये सुरू झाली. या दोन्ही सेवांचे संचालक वेगवेगळे आहेत. सुवर्णभूमी विमानतळापासून फाया थाई स्थानकापर्यंतची रेल्वे २०१० पासून उपलब्ध आहे. डॉन म्युआंग हा जुना विमानतळही २०२१ पासून उपनगरी रेल्वेने शहराशी जोडला गेला आहे.

रत्नकोसिन भागात दीर्घकाळ कोणतीही नागरी रेल्वे नव्हती. २०१९ मध्ये मेट्रोचा विस्तार झाल्यावर वाट फो मंदिराजवळ सनाम चाय आणि चिनी वस्तीत वाट मांगकोन ही स्थानके सुरू झाली. तरीही या भागात पोहोचण्याचा पारंपरिक मार्ग नदीचाच आहे. उन्नत रेल्वेच्या सफान ताक्सिन स्थानकालगत साथोन धक्का असून तेथून उत्तरेकडे जाणाऱ्या बोटी ठिकठिकाणच्या धक्क्यांवर थांबतात. बोटींचे प्रकार झेंड्याच्या रंगावरून ओळखतात. नारिंगी झेंड्याच्या बोटी पर्यटकांना विशेष सोयीच्या ठरतात.

नदीकाठ आणि नवे शहर यांना जोडणारा दुसरा जलमार्ग म्हणजे साएन साएप कालवा. त्यातील प्रवासी बोटी जुन्या तटबंदीजवळील फान फा धक्क्यापासून पूर्वेकडे जातात. सुट्टीच्या दिवशी ही सेवा सायंकाळी लवकर बंद होते.

रत्नकोसिन परिसर

ग्रँड पॅलेस या राजवाड्याचे बांधकाम १७८२ मध्ये सुरू झाले. त्याच्या आवारातील वाट फ्रा केओ हे राजमंदिर देशातील सर्वांत पवित्र बौद्ध स्थान मानले जाते. तेथील हिरव्या दगडाची बुद्धमूर्ती सुमारे ६६ सेंटिमीटर उंच आहे. ऋतुमानानुसार वर्षातून तीन वेळा राजाच्या हस्ते तिची वस्त्रे बदलली जातात. मंदिराभोवतीच्या ओवरीत 'रामकियेन' या थाई रामायणातील प्रसंगांची १७८ भित्तिचित्रे आहेत. राजवाडा सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन या वेळेत खुला असतो आणि राजघराण्याच्या समारंभांच्या वेळी तो पूर्णतः किंवा अंशतः बंद ठेवला जातो. दुपारी लवकर बंद होत असल्याने त्याची भेट बहुधा सकाळीच ठरवावी लागते.

राजवाड्याच्या दक्षिणेस वाट फो हे मंदिर आहे. येथील शयन मुद्रेतील बुद्धमूर्ती ४६ मीटर लांब व १५ मीटर उंच असून तिच्या तळपायांवर शिंपल्याच्या जडावकामात १०८ शुभचिन्हे कोरलेली आहेत. तिसऱ्या रामाच्या काळात या मंदिरात वैद्यक, साहित्य व इतर विद्यांचे शिलालेख बसवण्यात आले. युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदणीत त्यांचा समावेश आहे. थाई मर्दनविद्येची येथील शाळा १९५५ मध्ये स्थापन झाली, तर २०१९ मध्ये युनेस्कोने या विद्येचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

जवळच्या था तिएन धक्क्यावरून फेरीबोटीने नदी ओलांडल्यावर वाट अरुण लागते. सूर्याचा सारथी अरुण याच्यावरून मंदिरास हे नाव मिळाले आहे. त्याचा मुख्य मनोरा चिनी मातीच्या भांड्यांच्या रंगीत तुकड्यांनी मढवलेला आहे.

राजवाड्याच्या उत्तरेस असलेले राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी व मंगळवारी बंद असते, शनिवारी व रविवारी मात्र खुले असते. पूर्वेस वाट सुथात मंदिरासमोर लाल रंगाचा भव्य झोपाळा उभा आहे. दरबारातील ब्राह्मण पुरोहितांच्या उत्सवात त्याचा उपयोग होई. ही प्रथा १९३५ मध्ये बंद झाली. झोपाळ्याचे सागवानी खांब २००७ मध्ये नव्याने बसवण्यात आले. जवळच 'देवस्थान' याच नावाने ओळखले जाणारे हिंदू मंदिर आहे.

चिनी वस्ती

राजवाडा बांधण्यासाठी निवडलेल्या जागेवर पूर्वी चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती. १७८२ मध्ये ती दक्षिणेकडील सांफेंग येथे हलवण्यात आली. तेथेच आजची याओवरात ही चिनी वस्ती विकसित झाली. सोन्याच्या पेढ्या, औषधी वनस्पतींची दुकाने आणि सूर्यास्तानंतर रस्त्यावर मांडली जाणारी खाद्यपदार्थांची दुकाने ही या भागाची वैशिष्ट्ये आहेत. लगतच्या वाट त्राइमित मंदिरात सुमारे साडेपाच टन वजनाची सुवर्णमूर्ती आहे. ती दीर्घकाळ चुन्याच्या गिलाव्याने झाकलेली होती. १९५५ मध्ये मूर्ती हलवताना गिलावा फुटला आणि आतील सोने उघडकीस आले.

शनिवार-रविवारचे बाजार

काही स्थळांचे नियोजन वारानुसारच करावे लागते. चातुचाक बाजार पूर्वी राजवाड्याजवळील सनाम लुआंग मैदानावर भरत असे. १९८२ मध्ये तो उत्तर बँकॉकमधील सध्याच्या जागी आला. हा बाजार पूर्ण स्वरूपात शनिवारी व रविवारी भरतो. कपडे, रोपे, मातीची भांडी, जुनी पुस्तके इत्यादींसाठी त्यात क्रमांकानुसार विभाग आहेत. उन्नत रेल्वेचे मो चित आणि मेट्रोचे काम्फाएंग फेत ही त्याची जवळची स्थानके होत.

थोनबुरीकडील तालिंग चान आणि ख्लोंग लात मायोम हे तरंगते बाजारही प्रामुख्याने शनिवारी व रविवारी भरतात. छायाचित्रांतून परिचित असलेला दाम्नोएन सादुआक हा तरंगता बाजार शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर, रात्चाबुरी प्रांतात आहे. त्याच्या भेटीत किमान अर्धा दिवस जातो. त्यामुळे अल्पकाळ थांबणाऱ्यांसाठी शहरालगतचे बाजार अधिक सोयीचे ठरतात.

नवे शहर

सियाम चौक हा उन्नत रेल्वेच्या दोन मार्गांचा संगम आहे. तेथून जवळच साएन साएप कालव्याच्या काठी जिम थॉम्पसन या अमेरिकी रेशीम व्यापाऱ्याचे घर असून त्याचे संग्रहालयात रूपांतर झाले आहे. जुनी सागवानी घरे विविध ठिकाणांहून आणून ते उभारण्यात आले. थॉम्पसन १९६७ मध्ये मलेशियात बेपत्ता झाला व त्याचा शोध लागला नाही. राचाप्रासोंग चौकातील १९५६ मध्ये स्थापन झालेल्या इरावण देवस्थानात ब्रह्मदेवाची मूर्ती आहे. मध्यवर्ती लुंफिनी उद्यानातील तळ्यांत मोठ्या पाणघोरपडी मुक्तपणे वावरताना दिसतात.

दोन दिवसांची रूपरेषा

सामान्यतः एक दिवस नदीकाठासाठी आणि एक दिवस नव्या शहरासाठी राखला जातो. पहिल्या दिवशी सकाळी बोटीने था चांग धक्क्यावर उतरून ग्रँड पॅलेस, त्यानंतर पायी वाट फो आणि दुपारनंतर फेरीबोटीने वाट अरुण असा क्रम असतो. संध्याकाळी सनाम चाय स्थानकावरून मेट्रोने दोन स्थानके पुढे गेल्यास वाट मांगकोन, म्हणजेच चिनी वस्ती, येते. या संपूर्ण दिवसात मोटारीची गरज भासत नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन वाढण्यापूर्वी चातुचाक बाजार, त्यानंतर मो चितहून उन्नत रेल्वेने सियाम, दुपारी थॉम्पसन संग्रहालय आणि सायंकाळी लुंफिनी उद्यान असा क्रम सोयीचा ठरतो. ज्यांना खरेदीत रस नाही, ते सकाळचा वेळ तालिंग चानसाठी देऊ शकतात. अयुथयाची सहल स्वतंत्र दिवसाची आहे. ती याच दोन दिवसांत बसवल्यास नदीकाठ किंवा नवे शहर यांपैकी एक भाग बहुधा वगळावा लागतो.

हवामान

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तुलनेने कोरडा व सौम्य काळ असतो. एप्रिल सर्वांत उष्ण असतो, तर मे ते ऑक्टोबर हे पावसाचे महिने आहेत. एप्रिलच्या मध्यात सोंक्रान हा थाई नववर्षाचा जलोत्सव साजरा होतो. हा शब्द 'संक्रांती' या संस्कृत शब्दापासून आला आहे. या दिवसांत अनेक दुकाने बंद असतात व काही रस्ते वाहनांसाठी बंद ठेवले जातात.

पोशाख, शिष्टाचार व कायदे

राजवाड्यात व मंदिरांत खांदे आणि गुडघे झाकणारा पोशाख आवश्यक असतो. मंदिराच्या गाभाऱ्यात पादत्राणे काढतात व बसताना पाय मूर्तीच्या दिशेने करत नाहीत. स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श करणे वर्ज्य मानले जाते. सकाळी आठ व सायंकाळी सहा वाजता उद्याने, स्थानके अशा सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लावले जाते. त्या वेळी लोक जागीच स्तब्ध उभे राहतात. थायलंडच्या दंडसंहितेतील कलम ११२ नुसार राजा, राणी, युवराज किंवा राजप्रतिनिधी यांच्या अवमानासाठी तीन ते पंधरा वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. हा कायदा परदेशी नागरिकांनाही लागू होतो.

राजवाड्याच्या परिसरात फसवणुकीचा एक प्रकार अनेक वर्षांपासून परिचित आहे. राजवाडा आज बंद असल्याचे सांगून पर्यटकास अत्यल्प भाड्यात तीनचाकी टुकटुकमधून फिरवण्याचे आमिष दाखवले जाते आणि शेवटी रत्नांच्या किंवा कपड्यांच्या दुकानात नेले जाते. प्रवेशद्वारापर्यंत स्वतः जाऊन खात्री करणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

पर्यटन व स्थानिक रहिवासी

जुन्या शहराचे पर्यटनस्थळ म्हणून सुशोभीकरण करण्याचे धोरण वादग्रस्त ठरले आहे. फान फा धक्क्याजवळील महाकान किल्ला हा शहराच्या मूळ चौदा किल्ल्यांपैकी उरलेल्या दोघांतील एक होय. त्याच्या भिंतीमागे लाकडी घरांची जुनी वस्ती होती. तेथे उद्यान करण्यासाठी नगरप्रशासनाने रहिवाशांना हलवण्याचा निर्णय घेतला. सुमारे पाव शतक चाललेल्या विरोधात वास्तुविशारद व अभ्यासकही सहभागी झाले. वस्ती हाच वारसा असून तिच्यासह किल्ल्याचे जतन व्हावे, अशी त्यांची भूमिका होती. २०१८ मध्ये अखेरची कुटुंबे बाहेर पडली आणि ती जागा सार्वजनिक उद्यान झाली. याच दशकात पदपथ मोकळे करण्याच्या मोहिमेत पाक ख्लोंग फूलबाजाराबाहेरील विक्रेत्यांसह अनेक फेरीवाल्यांना हटवण्यात आले.

रस्त्यावरील खाद्यपदार्थ, कालव्याकाठची घरे व बाजार ही पर्यटकांना आकर्षित करणारी वैशिष्ट्ये अशा वस्त्यांनीच टिकवून ठेवलेली आहेत. त्यामुळे सुशोभीकरण व पर्यटनवाढ यांचा लाभ मूळ रहिवाशांना मिळतो की त्यांचे विस्थापन होते, हा प्रश्न बँकॉकच्या नगरनियोजनात महत्त्वाचा मानला जातो.