फुटेल का हा खडा?

मुतखडा फोडणाऱ्या आघातलहरींचा माग काढत गेलो, तर थेट विमान कारखान्यात पोहोचलो. पावसाचे थेंब अतिवेगवान विमानाच्या पत्र्याचे काय करतात, हे जर्मनीची डॉर्निअर कंपनी तपासत होती. त्याच अभ्यासातून ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये ख्रिस्तियान शौसी यांच्या चमूने रुग्णाला पाण्याच्या टाकीत ठेवून, एकही छेद न घेता खडा फोडला. टाकी अर्थातच मोठ्यांच्या मापाची! मुलांचे मूत्रपिंड फुप्फुसाच्या अगदी जवळ. म्हणून मध्ये स्टायरोफोमचा आडोसा द्यावा लागे.

मुलांची मूत्रवाहिनी लवचीक असते, त्यामुळे तुकडे सहज वाहून जातात. पण मूल स्थिर राहावे म्हणून बहुधा भूल द्यावी लागते. खेप फुकट गेली की पुन्हा भूल. म्हणूनच आधी अंदाज हवा. तुर्कस्तानात मुलांमध्ये मुतखडा फार. तिथल्या डॉक्टरांनी २०१३च्या सुमारास शेकडो मुलांच्या नोंदींवरून गुणतक्ता बांधला : खडा केवढा, कुठे, मुलाचे वय काय, आधी उपचार झालेत का. खालच्या कप्प्यातला खडा तर भलताच हट्टी. माझ्या मते या तक्त्याचा खरा उपयोग तो ‘नको’ म्हणतो तेव्हाच. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची गोष्ट आईबापांशी पहिल्या भुलीआधीच बोलता येते.