शनिवारची रात्र आणि तिचे पाठ

मैफलीत प्रत्यक्ष टिपलेल्या ध्वनिमुद्रणाकडे आपण पुरावा म्हणून पाहतो. स्टुडिओतले संगीत 'घडवलेले' आणि मैफलीतले 'घडलेले', असा भेद त्यामागे गृहीत असतो. साहित्याच्या अभ्यासकाने तो सहजासहजी मान्य करू नये. जे घडले ते आपल्यापर्यंत संहिता होऊनच पोहोचते. आणि संहिता म्हटली की संपादक आलाच.

मुंबईला जॅझ नवे नव्हते. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजला. त्या संगीतात रमलेल्या गोमंतकीय वादकांपैकी चिक चॉकलेट यांना सोबत घेऊन सी. रामचंद्रांनी 'अलबेला'चे (१९५१) संगीत उभे केले. १९७८ मध्ये याच शहरात 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू झाला. मुंबईत जन्मलेले झाकीर हुसेन आणि इंग्रज गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिन यांचा 'शक्ती' हा छोटा चमू जॅझ आणि रागसंगीत यांच्या सीमेवरचा. त्याचा पहिला संग्रहही मैफलीतच मुद्रित झालेला. ५ जुलै १९७५ रोजी, अमेरिकेतील साउथहॅम्प्टन कॉलेजात.

पुढे 'रिमेम्बर शक्ती' या नावाने चमू पुन्हा एकत्र आला. यू. श्रीनिवास यांचे मेंडोलिन आणि सेल्वगणेश यांचा कंजिरा त्यात दाखल झाला. या चमूचा 'सॅटरडे नाइट इन बॉम्बे' हा संग्रह २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील 'शृंगार' या रचनेत शिवकुमार शर्मा यांचे संतूर आणि मॅक्लॉफलिन यांची गिटार सुमारे २६ मिनिटे एकमेकांशी बोलतात. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत. रागविस्ताराला असा अवकाश मिळाला तो दीर्घ मुद्रणाच्या तंत्रामुळेच.

पण संग्रहाचे नाव पाहावे. ते एका रात्रीचे आहे. मुद्रण मात्र ८ आणि ९ डिसेंबर २०००, म्हणजे शुक्रवार आणि शनिवार अशा दोन रात्रींचे. ऐकताना आपल्यासमोर एकच सलग रात्र उभी राहते. ही 'शनिवारची रात्र' निवडीतून आणि जुळणीतून सिद्ध झालेली आहे.

वऱ्हाडातल्या वाचकाला येथे अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर आठवावे. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी तेथे ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडून लीळा गोळा केल्या. 'लीळाचरित्र' हेही एका अर्थाने प्रत्यक्ष प्रसंगांचे मुद्रणच; यंत्र होते ते स्मृतीचे. मूळ पोथी हरवल्यावर अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली आणि निरनिराळे पाठ निर्माण झाले. महत्त्वाचे हे, की या परंपरेने आठवणींतले फरक पुसले नाहीत. 'वासना' आणि 'शोध' अशा नावांनी ते संहितेतच नोंदवून ठेवले. ध्वनिमुद्रणात नेमके उलट घडते. सांधा जितका कुशल, तितका तो ऐकू येत नाही.

याचा अर्थ ध्वनिमुद्रण खोटे ठरते असा नाही. ज्ञानेश्वरीची प्रत सिद्ध करणाऱ्या एकनाथांना कोणी कूटकार म्हणत नाही. प्रश्न आहे तो वाचनाच्या शिस्तीचा, आणि काळ लोटतो तशी तिची निकड वाढते. एस्ब्यॉर्न स्वेन्सन यांच्या स्वीडिश त्रयीचे 'लाइव्ह इन हॅम्बुर्ग' हे मुद्रण २२ नोव्हेंबर २००६ चे. जून २००८ मध्ये स्वेन्सन गेले आणि त्या मुद्रणाला स्मारकाचे मोल आले. मुंबईच्या त्या मंचावरचे श्रीनिवास २०१४ मध्ये, शिवकुमार शर्मा २०२२ मध्ये आणि झाकीर हुसेन २०२४ मध्ये गेले. त्या रात्रींचे साक्षीदारही हळूहळू विरळ होतील. मग मागे राहील ती संहिता. तिला कानांनी दाद द्यावीच; पण पोथीला विचारतो तो प्रश्न तिलाही विचारावा: हा पाठ कोणाचा, आणि कोणत्या रात्रीचा?