लेबल नसलेली बाटली

ताम्हिणीत पाऊस लागला की आधी फोनची रेंज जाते, मग वीज. 2022 च्या जुलैमधल्या एका संध्याकाळी माझ्या आजोळी दोन्ही गेलेलं होतं. मामेभावाचा दोन वर्षांचा मुलगा सर्दीने किरकिरत होता. आजीच्या उशाशी असलेली एक छोटी बाटली त्याच्या हाती लागली. ती खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली होती, आणि खोकल्याचं औषध गोड असतं हे त्याला ठाऊक होतं. किती पोटात गेलं ते कुणालाच कळलं नाही. पंधरा-वीस मिनिटांत त्याचे डोळे फिरले आणि हातपाय ताठ झाले.

भर पावसात गाडी पौडला पोचली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बाटलीत काय होतं? किती होतं?" गाडीतल्या कुणाकडेच उत्तर नव्हतं. ते माझ्याकडे होतं, आणि मी हिंजवडीत क्लायंटच्या कॉलवर होते. बाटली मीच भरली होती.

पोरगं वाचलं, आता बालवाडीत जातं. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. बाटलीत काय होतं? उत्तर शोधायला बसले तेव्हा कळलं की ते पुण्याच्या बाजारापासून तैवानच्या जंगलापर्यंत पसरलेलं आहे.

बाटलीत अमृतधारा होती. 2021 च्या एप्रिलमध्ये घराघरात कापूर, ओवा, लवंगेच्या पुरचुंड्या लोक हुंगत होते, आठवतं? त्याने ऑक्सिजन वाढतो असा मेसेज फिरत होता. तसं काही होत नाही. पण आणलेला कापूर उरला आणि मला एक व्हिडिओ सापडला: भीमसेनी कापूर, ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल, तिन्ही समभाग. तिन्ही कोरडे खडे असतात. बाटलीत घालून हलवले की पाण्यासारखं पातळ होतं. मला ही जादूच वाटली. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर मीठ टाकलं की तो वितळतो, त्याच जातीचा हा प्रकार: मिश्रणाचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानाच्या खाली उतरतो. आजी खूश झाली. "आमच्या लहानपणी बत्ताशावर दोन थेंब घालून द्यायचे," म्हणाली.

आजीच्या लेखी ही बाटली आदिकाळापासूनची होती. प्रत्यक्षात 'अमृतधारा' हे नाव बाजारात आलं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. लाहोरच्या पंडित ठाकुरदत्त शर्मा यांनी 1901 मध्ये 'अमृत की धारा' विकायला घेतली, 1903 मध्ये नाव 'अमृतधारा' केलं. फाळणीनंतर कंपनी देहरादूनला आली. दरम्यान 1923 पासून कुणी 'लक्ष्मणधारा' विकत होतं. ते भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1962 मध्ये निकाल लागला: दोन्ही नावं ऐकून साधा ग्राहक फसू शकतो. भारतातल्या ट्रेडमार्कच्या कायद्यात हा खटला आजही शिकवतात. नाव कुणाचं यावर न्यायालयं एवढी झटली. बाटलीत काय आणि किती, हा त्या खटल्याचा विषयच नव्हता.

ओव्याच्या फुलाची गोष्ट त्याहून जुनी, आणि आपल्या गावची. 1874 मध्ये लंडनला छापलेल्या 'फार्माकोग्राफिया' या औषधी द्रव्यांच्या ग्रंथात नोंद आहे, की ओव्याचा अर्क काढताना मिळणारे स्फटिक पुण्याच्या आणि दख्खनच्या दुकानांत 'अजवायन का फूल' म्हणून विकले जातात. हे फूल म्हणजे थायमॉल. पुढे जर्मन कारखाने भारतातून ओवा नेऊन थायमॉल बनवू लागले. पोटातल्या हुकवर्मवर तेव्हा तेच औषध होतं. पहिल्या महायुद्धात जर्मनीचा माल बंद झाला आणि इंग्रजांना थायमॉलची टंचाई जाणवली. ज्याला आपण आजीचा बटवा म्हणतो, त्याच्यावर शंभर वर्षांपूर्वी जागतिक व्यापार चालत होता.

कापराचं तर साम्राज्य होतं. 1895 मध्ये जपानने तैवान घेतलं आणि चार वर्षांत तिथल्या कापरावर सरकारी मक्तेदारी बसवली, कारण सेल्युलॉइडला कापूर लागायचा. दादासाहेब फाळक्यांनी 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' ज्या फिल्मवर चित्रित केला, तिच्यातही कापूर होता. आज आरतीत जळतो तो कापूर बहुतेक वेळा टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतो. 'भीमसेनी' हे नाव मुळात बोर्निओ-सुमात्राकडच्या वेगळ्या झाडाच्या, वेगळ्या रेणूच्या कापराचं.

आणि मग ती नोंद सापडली, जी वाचून मी लॅपटॉप बंद केला. जानेवारी 1934 मध्ये बुडापेस्टचे मानसोपचारतज्ज्ञ लाडिस्लाउस मेदुना यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला कापराचं इंजेक्शन दिलं. हेतू एकच: रुग्णाला फिट यावी. फिट आल्याने आजार हटतो असा त्यांचा कयास होता. आमच्या पोराला आलेली फिट अपघात होता, पण कापराने फिट येते हे ज्ञान तेव्हा उपचार म्हणून वापरलं जात होतं.

अमेरिकेत कापराचं तेल एरंडेल समजून मुलांना पाजण्याचे प्रकार इतके झाले, की 1982 मध्ये ते बाजारातून काढलं गेलं आणि पुढच्या वर्षी लावायच्या औषधांतल्या कापरावर 11 टक्क्यांची मर्यादा आली. आपल्याकडेही 2021 मध्ये दक्षिण भारतातल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फिट आलेल्या 350 मोठ्या माणसांपैकी 55 जणांच्या फिटचा संबंध नीलगिरी किंवा कापूर असलेल्या तेला-बामाशी लागला.

मग हे सगळं फेकून द्यायचं? नाही. थायमॉल जंतुनाशक आहे, माउथवॉशमध्ये असतं. पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल आतड्याच्या मुरड्यावर डॉक्टर देतात. मेन्थॉल नाकातल्या थंडी जाणवणाऱ्या संवेदकाला चाळवतं. तो संवेदक शोधण्याच्या कामाला 2021 च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये वाटा आहे. म्हणून बाम लावला की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. हवा मात्र तेवढीच जाते. मोठ्या माणसाला तेवढा दिलासाही पुरतो. पण दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाशी तोच वास गेला तर श्वासनलिका आखडू शकते.

खरा फरक मात्रेचा आहे. ओव्यात तेल साधारण 2 ते 4 टक्के, त्यातलं निम्म्याच्या आसपास थायमॉल. माझ्या बाटलीतलं चमचाभर द्रव म्हणजे थायमॉलच्या हिशोबाने शंभरेक ग्रॅम ओवा, वर तेवढाच कापूर, तेवढंच मेन्थॉल. आजीच्या आजीने पोराला चिमूटभर ओवा चावून दिला असेल, अंगणातल्या गवती चहाचा काढा पाजला असेल. पानात आणि दाण्यात निसर्गाने मात्रा आधीच पातळ केलेली असते. मुठीएवढं पान खाऊन खाऊन किती खाणार! आम्ही वनस्पती तीच ठेवली, पण सत्त्व काढलं आणि भीती विसरलो. 'घरगुती' या शब्दाने ती विसरायला मदत केली.

माझ्या कामात कोड लिहिताना आवृत्ती, तारीख, कुणी बदललं, सगळं नोंदवावं लागतं. नाहीतर रिव्ह्यू पासच होत नाही. आणि मीच वजनकाटा न वापरता, नाव न लिहिता, गोड औषधाच्या बाटलीत विष भरून आजीच्या हाती दिलं. त्या दिवशी पौडहून फोन आला तेव्हा मी डॉक्टरांना एवढंच सांगू शकले, "तिन्ही समभाग... अंदाजे." तो 'अंदाजे' मला अजून ऐकू येतो.

त्यांनी नंतर सांगितलेल्या दोन गोष्टी तेवढ्या लक्षात ठेवा. असं काही पोटात गेलं तर उलटी करवू नका, फिट आली तर ती फुप्फुसात जाते. आणि बाटली सोबत न्या.

गेल्या दिवाळीत आजोळी गेले. फडताळाच्या वरच्या फळीवर, मुलांच्या हाताबाहेर, एक बाटली होती. दुकानातून आणलेली, घट्ट झाकणाची. तिच्यावर आजीने नातवाकडून चिकटपट्टी लावून घेतली होती. पट्टीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: पिऊ नये. आजीला वाचता येत नाही.

"मग तुला कशाला गं?" मी विचारलं.

"मला नाही," ती म्हणाली. "विचारलं कुणी तर सांगायला."